पेशंटचे कोण

आम्ही नातेवाईक नाही.
काउंटरवरच्या मुलीनं तीनदा विचारलं,
"पेशंटचे कोण?"
बोडसकाका म्हणाले, "वाचक."
तिनं रजिस्टरात तो रकाना शोधला.
शेवटी 'इतर'खाली काकांचं नाव घातलं
आणि म्हणाली, वर जाता येणार नाही.

मग पार्किंगमध्ये उभे राहिलो,
जनरेटर आणि शहाळेवाल्याच्या मधोमध,
जिथून चौथ्या मजल्याची तिसरी खिडकी दिसते.
ओव्हाळच्या गळ्यात दुर्बीण होती, सवयीनं.
वॉचमन म्हणाला, खिडकीकडं रोखू नका, आमच्यावर येतं.
त्यानं आभाळाकडं रोखली.

आमची ओळख भिंतीपाशी झाली,
लोहगावच्या धावपट्टीच्या टोकाला,
फोटो काढू नये अशी पाटी आहे तिथं.
आम्ही फोटो काढत नाही, आकडे लिहितो:
शेपटीवरचा नंबर, चाकं टेकल्याची वेळ, वारा.
मी पीएमपीच्या डेपोत टाइमकीपर,
दिवसभर उशिरा येणाऱ्या गोष्टी लिहून ठेवतो.
संध्याकाळीही तेच, फक्त मान वर करून.

याला वेड म्हणतात, हे घरच्यांनी सांगितलं होतं.
यालाही भाषा असते, हे कॅप्टन वैजयंती उंब्रजकरांनी.
त्यांचं निळ्या कव्हराचं पहिलं पुस्तक
नाझनीननं रद्दीतून आणलं, वीस रुपयांना,
आणि दगडावर बसून मोठ्यानं वाचलं:
"उतरणं म्हणजे पडणंच, फक्त सभ्यपणे."
त्या संध्याकाळी दोन विमानं उतरली,
कुणीच लिहून घेतली नाहीत.

प्रेम करायचं कसं, आम्हाला येत नाही.
आम्ही चुका काढतो.
पान त्र्याऐंशी: त्या सकाळी नाशिकला
वारा पूर्वेचा नव्हता, काकांकडं नोंद आहे.
पोस्टकार्ड पाठवलं. आठ दिवसांत उत्तर:
"बरोबर. वारा माझ्या आठवणीत वळला असावा."
ते कार्ड काकांनी लॅमिनेट केलंय.
आजही खिशात होतं.

मंगळवारी, दौंडच्या अलीकडे,
दोन सीटचं विमान, इंजिन बंद,
शेजारी बावीस तास उडालेला शिकाऊ पोरगा.
रस्ता रिकामा नव्हता, शाळा सुटली होती.
म्हणून उसात.
पोरगा चालत बाहेर आला, एक बूट हातात घेऊन.
त्यांचे दोन मणके, खुबा, डोळ्यांवर पट्टी.
पेपरात आलं, "विमान कोसळलं".
ओव्हाळनं कचेरीत फोन लावला:
"कोसळलं नाही हो. उतरवलं."
पलीकडून विचारलं, "फरक काय?"
तो पाऊण तास सांगत होता.

विश्रांतवाडी. नावापुरती.
दर थोड्या वेळानं डोक्यावरून विमान जातं,
काचा थरथरतात, पेशंट तक्रार करतात.
ज्यानं दवाखाना नेमका इथं बांधला
त्याला आम्ही मनातून नमस्कार केला.

साडेसहाला एक आलं पश्चिमेकडून,
ढगाआड, दिसेना.
काका डोळे मिटून म्हणाले, "एटीआर."
मी म्हणालो, "एअरबस हो, कान तपासा."
शहाळ्याची पैज लागली.
आवाज जरा चढले असतील,
कारण थोड्या वेळानं एक सिस्टर खाली आली,
"विमानवाले तुम्हीच का?
इथपर्यंत ऐकू येतंय तुमचं भांडण."
हातात केसपेपरचा फाडलेला कोपरा.
म्हणाली, मॅडमनी सांगितलं तसं लिहिलंय,
मला काही कळलं नाही:

"एटीआरच. चाकं उशिरा काढली.
बोडस खाली आहेत म्हणे.
विचारा, वारा कुठला?"

मी गुपचूप शहाळ्याचे पैसे काढले.
नाझनीन जनरेटरकडं तोंड करून उभी राहिली.
काकांनी बोट ओलं केलं, वर धरलं,
बराच वेळ खाली घेतलंच नाही.
मग म्हणाले, "पूर्वेचा.
त्यांना सांगा, या वेळी
खरंच पूर्वेचा."